ठकूबाईची वेळ

फार फार वर्षांपूर्वी बोरमाळावर धनगरांची मोजकीच घरं होती. त्यांतल्या एका घरात ठकूबाई आणि तिची सून धुरपा, दोघीच राहायच्या. मुलगा मेंढरं घेऊन कोकणात उतरला होता, आणि धुरपा ओली बाळंतीण होती.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरी आटल्या, ओढे आटले. माणसं बिऱ्हाड पाठीवर टाकून नदीकडं जायचं बोलू लागली. नदी लांब होती आणि धुरपाला उठून उभंही राहवत नव्हतं. तिचं दूध कमी कमी होत चाललं होतं.

"आत्याबाई, तुम्ही जावा सगळ्यांसंगं," ती म्हणाली.

ठकूबाईनं मडकं उचललं, खांद्यावर घोंगडी टाकली आणि माळाला लागली.

त्या माळावर पखुर्ड्या राहतात. कबुतराएवढं पाखरू, अंगाचा रंग अगदी मातीचा. अंडी उघड्या जमिनीवर घालतं, आणि बसलं की पायाखाली येईपर्यंत दिसायचं नाही. ठकूबाईनं त्यांना जन्मभर पाहिलं होतं. कोरडे दाणे खाऊन जगणारं पाखरू ते, त्याला रोजचं पाणी लागतंच. सारा मुलूख वाळला तरी पखुर्ड्या जिवंत होत्या. मग त्या पीत होत्या कुठं?

ऊन चढू लागलं तसा एक थवा ओरडत तिच्या डोक्यावरून गेला. ठकूबाई त्याच्यामागं निघाली. तो दिसेनासा झाला की ती थांबायची, मागून दुसरा यायचा, त्याची दिशा धरून पुन्हा चालायची. वाटेत ठेच लागली आणि मडकं फुटलं. पुढं पुढं तर पायच उचलेनात. असं म्हणतात, की ती कोसळली तेव्हा उडत्या पखुर्ड्या मागं फिरल्या आणि ती उठेपर्यंत तिच्यावर पंखांची सावली धरून राहिल्या.

शेवटी ती एका घळीत पोचली. तिथं खडकाच्या पोटात परातीएवढा झिरा होता. ती पोटभर प्यायली आणि बाजूला बसून पाखरांकडं बघू लागली. एका नराचं पिऊन झालं होतं, तरी तो पाण्यातून निघत नव्हता. पोटाची पिसं फुलवून तो पाण्यात बसला, इकडंतिकडं डुलला, पुन्हा बसला आणि चांगला भिजल्यावर जड पंखांनी माळाकडं उडाला. पखुर्डीची पिल्लं बापाच्या पोटाखाली चोच खुपसतात, हे ठकूबाईनं कितीदा पाहिलं होतं. कशासाठी, ते तिला त्या दिवशी कळलं. पिल्लांना उडता येत नव्हतं, म्हणून बाप त्यांच्यासाठी पाणी अंगावर घेऊन चालला होता.

ठकूबाईनं घोंगडी झिऱ्यात बुडवली, डोक्यावर घेतली आणि घरची वाट धरली. असं म्हणतात, की वर वैशाखाचं ऊन होतं, पण त्या घोंगडीचा एक धागा सुकला नाही. घरी येऊन तिनं ती सुनेच्या तोंडात पिळली.

दुसऱ्या दिवशी तिच्या मागोमाग सगळं गाव घागरी घेऊन घळीत लोटलं. झिरा उपसला की हळूहळू पुन्हा भरायचा, म्हणून माणसं तिथंच ठाण मांडून बसली. थवे आले, वर घिरट्या घालत राहिले आणि तसेच परत गेले. असं रोज होऊ लागलं. मग एकदा ठकूबाईला माळावर एक पिल्लू निपचित पडलेलं सापडलं. तिनं ते ओंजळीत आणलं आणि ती झिऱ्याच्या तोंडाशी आडवी बसली.

"सकाळचं पाणी त्यांचं," ती म्हणाली. "ती उडून गेली की भरा."

शिदोजी पाटील पुढं आला. "पाखरांपायी माणसं तहानलेली ठेवायची व्हय, ठकूबाय?"

"त्यांची हीच येळ हाय, पाटील. आपल्याला कवाबी जमतंय."

"आन् पाणी सरलं म्हंजी?"

"पाखरू पिऊन पिऊन किती पिणार? वाट त्यांनी दावली, आन् आपुण त्यांनाच हाकलायचं?"

पाटील त्या पिल्लाकडं बघत राहिला. त्याच्याही घरात पाळणा हलत होता. त्यानं घागर खाली ठेवली आणि तो मागं सरला. मग बाकीचेही सरले आणि खडकांच्या आड बसले. थवे उतरले. नर भिजताना सगळ्यांनी पाहिले. असं म्हणतात, की तो झिरा परातीएवढाच राहिला, पण पाऊस येईपर्यंत सारं गाव आणि सारी पाखरं त्यावर जगली.

ठकूबाई पुढं पुष्कळ जगली. रोज सकाळी ती घळीच्या तोंडाशी राखणीला बसायची. तिची समाधी कुठं नाही. एका उन्हाळ्यात ती माळावर गेली आणि मातीत माती दिसेनाशी व्हावी तशी दिसेनाशी झाली, असं म्हणतात.

आता घळीशेजारी विहीर आहे, विहिरीवर मोटार आहे, दारोदारी नळ आहेत. पण बोरमाळात सकाळी मोटार चालू होत नाही. गावात नवी आलेली सून नळाखाली हंडा लावते, वाट बघते आणि विचारते, "पाणी कधी यायचं, आत्याबाई?"

"ठकूबाईची वेळ आहे," सासू सांगते. "बस जरा."

मग दोघी उंबऱ्यावर बसतात, आणि थवे माळाकडं परतताना दिसेपर्यंत बसून राहतात.