ओसरीवरचा पहिला रुग्ण

एकदा एक वैद्य आजारी पडला. हसू नका. वैद्याला आजारी पडण्याचीही चोरी असते. लोक लगेच म्हणतात, घरचे झाले थोडे आणि हे निघाले गाव बरे करायला. म्हणून बिचाऱ्याने आपले दुखणे वर्षभर कोणाला सांगितले नाही.

तो राहत होता मोठ्या बाजारपेठेच्या गावी. पहाटेपासून त्याच्या ओसरीवर रुग्णांची रांग लागे. हाताला यश होते, बोलण्यात गोडवा होता. 'वेळेवर जेवा, बसून जेवा, जेवल्यावर शतपावली घाला, रात्री लवकर निजा,' हे तो दिवसातून शंभर वेळा सांगे आणि लोक मनोभावे ऐकत. त्याच सुमारास आतून पत्नीची हाक येई, "अहो, पान वाढलंय." नाडीवरची बोटे न उचलता तो म्हणे, "आलोच!"

मग एक रुग्ण, मग आणखी एक, मग लांबून आलेला म्हणून शेजारच्या गावचा. आत ताट झाकून ठेवले जाई. दिवस कलताना तो उभ्याउभ्या चार घास पोटात ढकली आणि तोंड पुसत बाहेर येई. थकवा वाटला की आपल्याच फडताळातला काढा घ्यायचा, झोप आली नाही की चूर्ण. चालणे म्हणाल तर ओसरीपासून माजघरापर्यंत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय!

अशी बारा वर्षे गेली. आधी त्याची झोप गेली, मग भूक गेली. तेवढ्यानेही तो हलला नाही. पण एके दिवशी त्याने एका म्हाताऱ्याच्या मनगटावर बोटे ठेवली आणि त्याला काहीच कळेना. बोटे थरथरत होती. लागते आहे ती म्हाताऱ्याची नाडी, की धडधडते आहे ती आपलीच छाती? त्याने अंदाजाने पुडी बांधून दिली. म्हातारा विश्वासाने हात जोडून गेला आणि हा भिंतीला टेकून घामाघूम झाला. बोटेच मुकी झाली तर वैद्याने जगायचे कशावर, आणि लोकांनी यायचे कोणाकडे?

त्या दिवशी त्याला गुरूच्या घराची फार आठवण आली. डोंगरापलीकडच्या लहानशा गावात त्याने आठ वर्षे काढली होती. सकाळभर रानात मुळ्या खणायच्या, नदीत बुडी मारायची, ओल्या पंचाने डोके पुसत परतायचे आणि अंगणात पाऊल टाकतो न टाकतो तोच गुरुपत्नीची हाक यायची, "पानं घेतली रे, या!" ती हाक कानावर पडताच पोटात जो खड्डा पडे! नाचणीची भाकरी असे आणि कुळथाचे पिठले. पुढे मोठमोठ्या यजमानांकडे त्याने पंचपक्वान्ने पाहिली. वाढणाऱ्यांनी आग्रह करकरून वाढले, पण भूक कोणाला वाढता आली नाही. त्या पिठल्यासाठी नव्हे, त्या भुकेसाठी त्याचा जीव आता तळमळत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने छकडा जोडायला सांगितला. वाटेत एक मुक्काम करून तो सकाळी गुरूच्या दारी पोचला. गुरू आता पुष्कळ थकले होते. अंगणात अडुळशाची पाने वाळत घालत होते. त्यांनी शिष्याकडे पाहिले, त्याच्या डोळ्यांखालच्या काळोखाकडे पाहिले, बोटांकडे पाहिले.

"गुरुजी," शिष्य पायांवर डोके ठेवून म्हणाला, "माझी भूक हरवली आहे. झोप नाही. आणि आता बोटंही..."

"हो का? बस हं ओसरीवर. आलोच," असे म्हणून गुरू परसात निघून गेले.

शिष्य बसला. घटका गेली, दोन घटका गेल्या. परसातून खलबत्त्याचा आवाज येत होता. मग गुरू ओसरीवरून गेले, गाईला वैरण टाकून परत आले. शिष्य लगबगीने उठला. "आलोच, आलोच," गुरू म्हणाले आणि आत गेले. माध्यान्ह झाली. आत पाट मांडल्याचा आवाज झाला, फोडणीचा वास आला, गुरूंनी ताकाचा भुरका मारल्याचेही ऐकू आले. बाहेर कोणी हाक मारली नाही. ज्या घरातून वाटसरूही कधी उपाशी गेला नव्हता, तिथे आठ वर्षे जेवलेला शिष्य दारात बसून राहिला.

थोड्या वेळाने गुरू मूठभर चुरमुरे पानावर घेऊन आले. "हे घे, उभ्याउभ्या तोंडात टाक. आज वेळ कुठे आहे?"

"गुरुजी, प्रवासानं अंग मोडून आलंय, जरा आडवा झालो तर..."

"थकलास? काढा पाठवतो. तो घे आणि बसून राहा." काढा आला. पाठोपाठ आतून गुरूंचे घोरणेही ऐकू येऊ लागले.

उन्हे अंगणातून कुंपणावर गेली तेव्हा शिष्याचा धीर सुटला. ज्या घराच्या आठवणीवर तो बारा वर्षे जगला, ते घर आता उरले नाही असे त्याला वाटले. त्याने उपरणे खांद्यावर टाकले, उंबऱ्याला नमस्कार केला आणि तो निघाला. फाटकाच्या कडीला हात घातला तोच मागून गुरूंनी त्याचे मनगट धरले.

"निघालास?"

"हो." शिष्य म्हणाला, "मी आजारी होऊन तुमच्या दारी आलो, गुरुजी. एवढ्या आशेनं आलो. तुम्ही साधं पाणीसुद्धा विचारलं नाहीत."

"राग आला?"

"राग नाही. वाईट वाटलं. परकं वाटलं."

"एका दिवसात?" गुरूंनी त्याचे मनगट सोडले नाही. "अरे, मी तुला फक्त सकाळपासून बसवलं. तुझ्या ओसरीवर एक रुग्ण बारा वर्षं बसलाय. पहाटे सगळ्यांच्या आधी येतो तो. रांगेत पहिला. काय मागतो? तापलं अन्न, तेही बसून. थोडं चालणं. अंधार पडला की पाठ टेकायला जागा. एवढं तर तू वाटेल त्याला फुकट सांगतोस! आणि त्याला म्हणतोस, आलोच. तुझ्या गावचे लोक येतात इकडे, सांगतात सगळं. भुकेला मूठभर चुरमुरे, थकव्याला काढा, की झालं. तुझं शरीर आहे ते, बाबा. ते रागावत नाही, भांडत नाही. एक दिवस उठतं आणि निघतं. तुझी बोटं थरथरतात ना, ते फाटकाची कडी काढतंय."

शिष्याने आपल्या हाताकडे पाहिले. हात अजून कडीवरच होता.

"पण गुरुजी, दारात माणसं कण्हत असतात. त्यांना सोडून जेवायला कसं बसू?"

"मरणाच्या दारातला आला तर भरल्या ताटावरून ऊठ. मीही उठलोय. पण रोज सगळेच काही मरणाच्या दारात नसतात. ज्याला खरूज झालीय तो घटकाभर थांबतो." मग त्यांनी विचारले, "बायको जेवायला किती वेळा हाक मारते?"

शिष्याने हात कडीवरून काढला. मग हळूच म्हणाला, "आता मारत नाही. गेल्या दिवाळीपासून. ताट झाकून ठेवते आणि तिथेच बसून राहते."

"आणि भूक कधीपासून गेली?"

त्याने मान खाली घातली. तीही दिवाळीनंतरच गेली होती.

"भूक म्हणजे तरी काय, हाकच की," गुरू म्हणाले. "दोघींनी बारा वर्षं हाका मारल्या. घसा बसला त्यांचा. माझ्याकडे यावर मात्रा नाही. पानावर जाऊन बस. रोज बस. हाक नसली तरी बस."

तेवढ्यात आतून एक थरथरता, म्हातारा आवाज आला, "पानं घेतली रे, या!"

शिष्य तिथेच उभ्याउभ्या रडला. दिवस मावळायच्या आत तिघे जेवले. भाकरी तीच होती, पिठलेही तेच होते. भूक मात्र आली नाही. तरी तो शेवटच्या घासापर्यंत बसून जेवला आणि त्या रात्री चूर्णाशिवाय थोडा झोपला.

परतीला त्याने छकडा गावाबाहेर सोडला आणि उरलेली वाट चालत आला. माध्यान्हीची वेळ होती. ओसरीवर माणसे बसली होती. त्यांना नमस्कार करून, हातपाय धुऊन तो थेट स्वयंपाकघरात गेला. पत्नी दचकली.

"काय हवंय? ऊन पाणी का? कुणाला जास्त झालंय का?"

"नाही. पान घे," तो पाटावर बसत म्हणाला. "दोन घे."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिने ताट झाकायची झाकणी हातात घेतलीच होती, ती तिने खाली ठेवली. इतक्यात बाहेरून कोणी ओरडले, "वैद्यबुवा, आहात का हो घरात?" तिचा पळीवरचा हात थांबला. त्याच्याही ओठांवर जुना शब्द आला होता. तो त्याने गिळला आणि मोठ्याने म्हणाला, "जेवतोय! बसा घटकाभर, प्यायला पाणी घ्या." तिने भात वाढला. वाढताना तिने पदराने डोळे पुसले.

रुग्ण थांबले. कोणी मेले नाही. दोघे कुरकुरले, तेवढेच.

वाचकहो, भूक काही लगेच परतली नाही. रुसलेले माणूस एका दिवसात बोलत नसते. तो रोज त्या वेळी उठे, न बोलावता आत जाऊन बसे, मिळेल ते सावकाश जेवे, संध्याकाळी नदीपर्यंत चालून येई आणि दिवेलागणीनंतर पुडी बांधत नसे. पहिला महिना गेला, दुसरा गेला. एका दुपारी तो एका लेकुरवाळीची नाडी पाहत होता. बोटे स्थिर होती आणि तिची नाडी स्वच्छ लागत होती. आणि माजघरातून, कितीतरी दिवसांनी, जरा बिचकतच हाक आली, "अहो, पान वाढलंय!"

त्याच क्षणी त्याच्या पोटात खड्डा पडला. अगदी तसाच, नदीवरून ओल्या डोक्याने परतताना पडायचा तसा. या खेपेला त्याने उत्तर दिलेच नाही. तो उठला आणि आत गेला.

मलाही लिहिताना आतून दोनदा हाक येऊन गेली आहे. तिसरी येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.