जानेवारीच्या पानावरचा बोका

एका गावातल्या एका कॉलनीत हेमलताबाई मोकाशी राहत होत्या. मुलं बाहेरगावी, घरात सोबतीला एक बोका. तांबूस पट्ट्यांचा, डाव्या कानाला चीर, शेपटीचं टोक वाकडं. हाक मारली तरी जावयासारखा सावकाश जेवायला यायचा, म्हणून त्याचं नाव दाजी. आपला दाजी दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही, असं बाई जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या. कुणी विचारलेलं नसलं तरी.

गावातल्या मांजरवेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, म्याव मंडळ. नव्या वर्षाला आपल्याच मांजरांचं कॅलेंडर छापायचं, असं मंडळाचं ठरलं आणि फोटो निवडायचं काम बाईंकडे आलं. जानेवारीचं पान कुणाचं, हे त्यांनी मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

बाईंच्या मोबाइलवर फोटो येऊ लागले. कुणाचं मांजर पिठाच्या डब्यात, कुणाचं इस्त्रीच्या कपड्यांवर. एका रविवारी शेवाळ्यांचा फोटो आला. शेवाळे म्हणजे पलीकडच्या गल्लीत कपडे शिवणारे, ग्रुपवर कधी चकार शब्द न काढणारे गृहस्थ. त्यांच्या शिलाई मशीनवर एक बोका ऐसपैस पसरला होता. खाली लिहिलं होतं, "आमचा गुंडू. दुपारी इथंच असतो."

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. कानाला चीर. शेपटी वाकडी.

गॅसवरचा चहा उतू गेला. बाई गॅलरीत गेल्या, आत आल्या, पुन्हा गॅलरीत गेल्या. दाजी दुपारचा पाय मोकळे करायला जातो असं त्या समजत होत्या, आणि हा तर तिकडे दुसरा संसार मांडून बसलेला. मंडळात कळलं तर लोक काय म्हणतील? त्यांनी शेवाळ्यांना कळवलं, "मानेवरचे केस ओले दिसतात. छपाईत चांगलं दिसणार नाही."

"बरं ताई," शेवाळ्यांचं उत्तर आलं, "वाळले की दुसरा पाठवतो."

बाईंनी तो फोटोच पुसून टाकला. संध्याकाळी दाजी घरी आल्यावर गॅलरीचं दार लावून घेतलं. सकाळी आपलाच हक्क असल्यासारखं त्याच्या मानेवर पिसवांच्या औषधाचे थेंबही लावले. दाजी दारावर नखं घासत येरझाऱ्या घालू लागला. बाईही खोल्याखोल्यांतून येरझाऱ्या घालू लागल्या. दुपारपर्यंत दाजीच्या तोंडाला फेस आला आणि पाय लटपटायला लागले.

बाईंनी त्याला टोपलीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात धाव घेतली. तिथं नेमक्या मंडळातल्या प्रमिला गोखले आपली मनी घेऊन बसलेल्या. दाजीचं काय झालं म्हणून त्या टोपलीपाशीच येऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "मानेला औषध लावलं होतं?"

"सकाळीच लावलं."

"आणखी कुणी लावलंय का? नीट आठवून सांगा. औषध दुप्पट झालं असेल तर उपचार वेगळे करावे लागतील."

तेव्हा बाईंच्या डोळ्यांपुढे फोटोतली ती ओली मान आली. कालच दिसली होती, पण तिचं त्यांनी फक्त निमित्त केलं होतं. प्रमिलाताई कान देऊन ऐकत होत्या. टोपलीत दाजी थरथरत होता.

"लावलं असेल," बाई म्हणाल्या. "त्याचं आणखी एक घर आहे. मला ठाऊक होतं, आणि मी ते लपवलं."

त्यांनी तिथूनच शेवाळ्यांना फोन केला. औषध कालच, रविवारी लावल्याचं शेवाळ्यांनी सांगितलं, आणि गळ्यात माप घ्यायची फीत तशीच ठेवून ते सायकलवरून तातडीनं आले. डॉक्टरांनी दाजीची मान साबणानं धुतली, सलाईन लावलं. संध्याकाळी दाजीनं डोळे उघडून दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मग पाठ फिरवून झोपला.

"ताई, मी काही त्याच्यावर हक्क सांगत नव्हतो," शेवाळे हळूच म्हणाले. "एका शब्दानं बोलला असतात तर मी औषध लावल्याचं सांगितलं असतं."

कॅलेंडर छापून आलं तेव्हा जानेवारीच्या पानावर शिलाई मशीनवरचाच फोटो होता, शेवाळ्यांकडून पुन्हा मागून घेतलेला. खाली नाव होतं, 'दाजी ऊर्फ गुंडू'.

बाई कॅलेंडर वाटायला निघाल्या. कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानं पहिलंच पान पाहून कपाळाला हात लावला. "अहो, हा तर आमचा वाघ्या. पहाटे सायीला येतो."

बाई म्हणाल्या, "असू दे. त्याला औषध कधी लावलंत, तेवढं सांगा."

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्यावर हक्क सांगण्याआधी त्याचं भलं पाहावं. माया वाटून घेतल्यानं कमी होत नाही. पण हक्कासाठी खरं लपवलं, तर ते त्याच्याच जिवावर बेततं.