अर्ध्यावर सोडलेला सूर

फार मागची गोष्ट. त्या दिवशी धुकं पडलं होतं, दह्यासारखं दाट. देवळाचा कळस दिसेना, आणि ओढ्याकडे निघालेलं माणूस चार पावलांत नाहीसं होई.

त्या गावात एक सनईवाला होता. देवीच्या दारात तो रोज सकाळी सनई वाजवी. चाल एकच, पणजोबापासून आलेली. आता सनई काही एकट्याने वाजत नाही. एकजण चाल वाजवतो आणि दुसरा मागे बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर लांबवर धरून ठेवतो. मांडवावर वेल चढावा, तशी त्या सुरावर चाल चढते. म्हणून त्यांच्यात रीतच होती, की चाल संपून जागेवर येईपर्यंत मागच्याने सूर सोडायचा नाही.

सनईवाल्याच्या मुलाने बारा वर्षं बापामागे बसून असा सूर धरला. त्या धुक्याच्या दिवशी जत्रा होती. बापाने त्याला पहिल्यांदा पुढे बसवलं आणि स्वतः मागे सरकून सूर धरला.

मुलाने जुनी चाल नीट वाजवली. मग हळूच तिच्यातून बाहेर पडला आणि कुणी कधी ऐकलं नव्हतं असं काही वाजवू लागला. बापाचे डोळे आपोआप मिटले. त्याला ते फार आवडलं, हे खरं.

पण लोकांत कुजबुज झाली. हे कुठलं नवीन खूळ, असं कुणी म्हणालं. पाटील म्हणाले, "देवीला जागवतोय की पळवून लावतोय?" मंडळी हसली. बापाचे कान तापले. त्याने सनई ओठांवरून खाली घेतली.

सूर तुटला. मुलाची चाल अर्ध्यावर उघडी पडली. तो थांबला.

"आबा, तुम्हाला नाही आवडली?"

"लोकांना नाही आवडली."

"मी तुम्हाला विचारलं."

मुलाने सनई बापाच्या मांडीवर ठेवली, पायांना हात लावला आणि तो धुक्यात चालता झाला. कुठल्या वाटेने गेला, तेही दिसलं नाही.

पुढे पुष्कळ वर्षं गेली. सूर धरायला पाटलांनी दुसरा माणूस दिला. सनईवाल्याला दर जत्रेला नारळ मिळे, पागोटं मिळे. त्याचा कान मात्र वाटेवरच असे.

एकदा शेजारची कुंभारीण मडकं थापता थापता गुणगुणत होती. म्हातारा जागीच थांबला. मुलाचीच चाल होती ती. एका ठिकाणी आली की ती थांबे आणि पुन्हा पहिल्यापासून धरी.

"पुढची म्हण की गं," तो म्हणाला.

"पुढची कुठं ऐकलीय, तात्या? तुम्ही तिथंच सूर सोडलात."

म्हातारा घरी गेला. चालीची सनई त्याने खुंटीला अडकवली ती कायमचीच. सुराची सनई काढली आणि ओट्यावर, वाटेकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशीही बसला, तिसऱ्याही. देवळातला मान दुसऱ्याला गेला. येणारेजाणारे विचारत, म्हातारबा, नुसताच सूर? चाल कुठाय?

तो म्हणे, "बाहेर गेलीय. तिची जागा धरून बसलोय."

किती हिवाळे गेले, कुणी मोजले नाहीत. एका सकाळी पुन्हा तसंच धुकं आलं. म्हाताऱ्याचा दम तुटला, सनई खाली आली. शेजारी मडकं थापणाऱ्या कुंभारणीला तो ओशाळून म्हणाला, "इतक्या वर्षांनी पोराला ऐकू जाईल का गं?"

याचं तात्पर्य वेगळं सांगायला नको. मातीचे हात पदराला पुसत कुंभारीण जे बोलली, तेच ते:

"ऐकू जाईल की नाही, मला ठाऊक नाही, तात्या. पण मनाला आवडलं त्याचा सूर चारचौघांना भिऊन सोडू नये. आणि सुटलाच, तर पुन्हा धरायला लाजू नये. घ्या, श्वास घ्या."