झाडावर चढायला निघालेला ससा

बालमित्रांनो, एका डोंगराच्या कुशीतल्या रानात एक तरुण सशीण बऱ्याच वर्षांनी परत आली. लहानपणीच ती मावशीकडे, दूरच्या अरण्यात शिकायला गेली होती. परतताना वाटभर तिला वाटत होते, आपल्या रानात राजाची शाळा पिल्लांनी फुलून गेली असेल, पोपटाच्या खासगी शाळेत बिचारी दोन-चार पिल्ले कोंडून घातलेली असतील, आणि आपण धाकट्या भावाला तिथून सोडवून आणू. येऊन पाहते तर पोपटाच्या शाळेपुढे ही भली मोठी रांग, आणि भाऊ त्याच शाळेत पहिला आलेला! "नावं ठेवू नकोस हं," आई म्हणाली. "पैकीच्या पैकी गुण आहेत त्याला. राजाच्या शाळेतलं एक तरी पिल्लू पास होतं का?" भाऊ मात्र कोवळ्या पाल्यालाही तोंड लावत नव्हता. "ताई," तो हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी एक गुण गेला तर?"

सशिणीला राहवेना. ती आधी राजाच्या शाळेत गेली. जांभळाखाली पिल्ले लोळत होती, खिदळत होती. सगळ्यांची तोंडे जांभळी आणि पोटे टम्म. "तुमच्या बाई कुठं आहेत?" तिने विचारले. "राजानं हरणं मोजायला पाठवलंय!" माकडाचे पिल्लू म्हणाले. "त्याआधी मोर मोजायला पाठवलं होतं. बाई असल्या की खूप मजा येते, पण असतात कुठं?" सशिणीने विचारले, "बरं, टेहळणीवरचा वानर 'खॅक्' करून ओरडला, तर त्याचा अर्थ काय?" "त्याला उचकी लागली!" पिल्ले एका सुरात ओरडली आणि हसून हसून गडाबडा लोळली. सशिणीला मात्र हसू आले नाही.

तिथून ती ओढ्यापलीकडे, वडाखाली भरणाऱ्या पोपटाच्या शाळेत गेली. तिथे पान हलल्याचाही आवाज नव्हता. "वानर ओरडल्यास काय समजावे?" पोपटाने विचारले. "संकट आले असे समजावे!" पिल्ले म्हणाली. "संकट आल्यास काय करावे?" "झाडावर चढावे!" सशिणीचा भाऊ सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. "अहो गुरुजी," सशीण म्हणाली, "ससा झाडावर कसा चढेल?" पोपटाने मान वाकडी केली. "ताई, परीक्षेत चढावं लागत नाही. नुसतं सांगावं लागतं."

ती काही बोलणार, तेवढ्यात वानर ओरडला, "खॅक्! खॅक्!" झुडपातून रानमांजर येत होते. पोपट भुर्रकन फांदीवर बसला, खारीचे पिल्लू सरसर वर गेले. सशिणीचा भाऊ बुंध्यावर उड्या मारत होता, घसरत होता आणि पुन्हा उडी मारत होता. "अरे, बिळात पळ!" सशीण किंचाळली. "ताई, ते उत्तर चूक आहे!" तो रडत ओरडला. तिने झेप घेऊन त्याचा कान दातात धरला आणि त्याला फरफटत बिळात नेले. रानमांजराच्या नखात शेपटीचे चार केस तेवढे राहिले. ओढ्याअलीकडे राजाच्या शाळेतली पिल्ले 'उचकी, उचकी' म्हणत हसतच होती. रानमांजर तिकडे वळले, पण तेवढ्यात मोजणीवरून परतणाऱ्या अस्वलबाई गुरगुरत धावून आल्या आणि त्याने पळ काढला. पिल्ले बाईंना बिलगली. "मोजणी आज लवकर आटोपली म्हणून बरं झालं," बाई म्हणाल्या. पोपटही खाली उतरला, पंख पाडून. "मी पोपट," तो म्हणाला. "माझ्यावर संकट आलं की मी झाडावर जातो. मला जे येतं, तेच मी सगळ्यांना शिकवत राहिलो." दूरच्या अरण्यातून सशिणीने एक भलेमोठे भाषण तयार करून आणले होते. ते तिने गिळून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने विचारले, "मग, आता कुठली शाळा?" भाऊ पाला खाता खाता थांबला. "राजाची," सशीण म्हणाली. "आणि मीही त्याच्याबरोबर जातेय. बाईंना मोजणीला धाडलं की वर्ग मी घेईन. वानराच्या हाका ओळखायला तिथल्या पिल्लांना अजून कुणी शिकवलंच नाही." वाटेत ती वडापाशी थांबली. "गुरुजी, उजळणी घ्यावी तर तुम्हीच. फक्त 'काय करावे' असं विचारू नका. एकेकाला जवळ बोलवा आणि विचारा, 'बाळा, तू काय करशील?'" मग तिने भावाचा पंजा धरला आणि ती दोघे जांभळाकडे निघाली.

तात्पर्य : गुणही हवेत आणि हसूही हवे, पण शाळेची खरी पारख एवढीच, की संकटात तिथले प्रत्येक पिल्लू आपापल्या पायांनी सुखरूप घरी पोहोचते का.