सुटलेलं शीत

चूल नवी होती, त्या काळची गोष्ट. रात्री उरलेल्या भाताचा सकाळपर्यंत घट्ट गोळा झाला होता आणि त्याच्या मधोमध एक कोवळं शीत दबलं होतं. कढईत मोहरी तडतडली, तशी सगळी शितं एकमेकांना बिलगली.

"जो सुटला, तो मेला!" म्हातारं शीत गरजलं.

घरधनिणीची ओली बोटं गोळा मोकळा करू लागली.

"आजोबा, मला इथे गुदमरतंय."

"गप! घट्ट धर."

कोवळ्या शिताने डोळे मिटले आणि हात सोडला. तेल चरचरलं. डोळे उघडले, तेव्हा ते हळदीने पिवळंधमक झालं होतं.

आजोबांभोवतीचा गोळा फुटलाच नाही. त्याला फोडणी लागली नव्हती. वाढताना घरधनिणीने तो गाईच्या बादलीत टाकला.

"पाहिलंत?" बादलीतून आवाज आला, "वाचलो की नाही!"