गंजीच पेटली तर?

माणसं कडब्याच्या गंज्या रचायला नुकतीच शिकली होती, तेव्हाची गोष्ट. एका गंजीत चिचुंद्री आपल्या पिल्लांसह राहायची. घार दिसली की गंजीत शिरायचं, एवढंच पिल्लांना शिकवलं होतं.

एकदा धाकट्या मिचकीने विचारलं, "आई, पण गंजीच पेटली तर?"

"झालं हिचं सुरू!" थोरला खुटू म्हणाला. सगळे हसले.

आई हसली नाही. "मलाही ठाऊक नाही गं. चल, शोधू या," म्हणाली.

तेव्हापासून रोजचा एक नवा खेळ सुरू झाला. आई किंचाळली, की प्रत्येकाने पुढच्याची शेपटी तोंडात धरायची आणि थेट ओढ्यावर जायचं.

उन्हाळ्यात खरंच धूर आला. आई किंचाळली. घाबरलेला खुटू सवयीने आत शिरू लागला.

"आत नको, दादा! शेपटी धर!" मिचकी ओरडली आणि तिने आईची शेपटी पकडली. खुटूने तिची धरली, बाकीच्यांनी त्याच्यामागे एकमेकांची. तोंडात शेपटी असल्याने कुणाला रडताही येईना.

ओढ्यावर पोचल्यावर सगळ्यांनी मागे पाहिलं. गंजी धडधडून जळत होती.

मग खुटूने पाण्याकडे बघत हळूच विचारलं, "आई, आणि ओढ्याला पूर आला तर?"

या वेळी कुणीच हसलं नाही.