दमेकरी राजाची शिकार

एका राज्यात धृतिमान नावाचा राजा होता. सिंहासन भक्कम, सैन्य अफाट, छाती मात्र जन्माची दमेकरी. चार पावले भराभर टाकली की तिच्यातून गंजल्या बिजागरीचे सूर निघत. म्हणून राजवैद्यांनी त्याचे चालणे बंद केले. त्यासाठी पालखी आली, पालखीसाठी भोई आले आणि भोयांवर देखरेखीला एक खाते आले.

राज्याच्या उत्तरेस मेघडोंगर होता. एका मांत्रिकाच्या शापाने त्याच्या माथ्यावरच्या झऱ्यावर लोखंडी सुळ्यांचे रानडुक्कर बसले होते. झरा अडला, खाली विहिरी आटत चालल्या. राजाने स्वतःच्या पायांनी चढून बाण मारला, तरच शाप सुटणार होता. दर दसऱ्याला सेनापती शार्दूलराव राजाच्या वतीने जाई आणि बाण कातडीवरून घसरला असे अदबीने कळवी. राजा सज्जात उभा राही. शिकारीचे शिंग वाजे, दूर जाई, विरून जाई; ताटातले अन्न निवून जाई. डोंगराचा वास त्याला परतलेल्यांच्या अंगरख्यांवरूनच ठाऊक होता.

एके सकाळी सज्जावर धनेश पक्षी उतरला.

"राजा, डोंगर हवा?"

"हवा."

"तीन कामे आहेत. पहिले, पालखीतून उतर."

राजा रोज नदीपर्यंत चालू लागला. नियम नियमच, म्हणून रिकामी पालखी मागून येई. म्होरक्या भोई रुमाजी म्हणाला, "महाराज, तुम्ही आत नसलात की लई जड वाटती बघा."

"दुसरे," धनेश म्हणाला, "चढताना बोलत राहा. वाक्य तुटले तर पाऊल थांबव."

अडुळशाचा काढा घेऊन, पाठीवर धनुष्य टाकून राजा वाड्यामागची टेकडी चढू लागला. पावसाळ्यात छाती भरली आणि तो पुन्हा अंथरुणाला खिळला. बरा झाल्यावर पहिल्यापासून सुरुवात. भाद्रपदात रुमाजी म्हणाला, "महाराजांचं एक वाक्य आता पार टेकडीवरच्या वडापत्तुर पोचतंय!"

"तिसरे, धाप लागताच सर्वांदेखत खाली बस."

राजाचा चेहरा पडला. राजा बसला की सर्वांनी बसायचे, अशी त्या राज्याची चाल होती.

दसऱ्याला शिंग वाजले. पहिल्याच चढणीला राजा थांबला तसा शार्दूलराव कुजबुजला, "महाराज, सैन्य पाहते आहे."

राजा लाजेने धावला. छाती शिट्टी वाजवू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. शरमेने मान खाली घालून तो दगडावर बसला. मागोमाग सेनापती बसला, भालाईत बसले, शिंगवाले बसले. कुत्री आधीच बसली होती. मग राजा उठला, सैन्य उठले. असा उठत-बसत सगळा लवाजमा माथ्यावर पोचला.

डुकराने सुळे परजले. राजा त्याच्यासमोरही खाली बसला. शार्दूलरावाला घाम फुटला, पण बसावे त्यालाही लागले. श्वास थाऱ्यावर आला तेव्हा राजा उठला आणि त्याने बाण सोडला. डुकराचा काळा खडक झाला, खडक दुभंगला आणि पाणी उसळून दरीकडे धावले.

राजा ओंजळभर पाणी प्यायला. छातीत बारीक सूर अजून वाजतच होता.

"शाप तर सुटला," तो म्हणाला. "मग हा दमा?"

"तो शाप नव्हता, राजा," खडकावर येऊन बसलेला धनेश म्हणाला. "तो तुझाच आहे."

राजाने पलीकडच्या शिखरांच्या रांगेकडे डोळे भरून पाहिले.

"ठीक आहे. पुढच्या दसऱ्याला तिकडे मी आणि हा दमा, दोघेही जाऊ."

खाली विहिरी भरल्या, राज्य मार्गी लागले. पालखीचे खाते मात्र अजून चालू आहे म्हणतात.